नव्या पोपटाची कॅसेट

आपल्याकडे गाण्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. सत्यशोधकी जलसा, आंबेडकरी जलसा, वामनदादा कर्डक यांची गीते, शाहिरांचे पोवाडे या विषयांवर लेख आले, प्रबंध झाले, चर्चासत्रे झाली आणि अजूनही होतात. या साऱ्या लेखनात गाणे हे प्रबोधनाचे साधन आहे असे गृहीत धरलेले असते, आणि ते चूक आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या गाण्यात प्रबोधनाचा एक शब्दही नसतो, जे ऐकून आपली माणसे शिट्या मारतात, कंबर हलवतात, पोट धरून हसतात, त्या गाण्याचे काय? त्याविषयी आपण सहसा बोलत नाही. बोललोच तर कपाळाला आठ्या घालून बोलतो. आनंद शिंदे यांनी गायिलेले 'नवीन पोपट हा' हे अशा जातीचे गाणे. १९८० नंतरच्या दशकात त्याची कॅसेट निघाली आणि गावोगाव वाजली. आजही परभणी जिल्ह्यातल्या लग्नात ते पहिल्या ठेक्याला ओळखले जाते. व्यासपीठावर मात्र त्याचे नाव निघाले की आमचे वक्ते हसून विषय बदलतात. मला तो बदलायचा नाही. लोक त्या कॅसेटवर एवढे का भाळले, आणि त्या मौजेला आपल्या चळवळीच्या हिशोबात काही जागा आहे की नाही, एवढे मला समजून घ्यायचे आहे.

एका सहकारी प्राध्यापकमित्राला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "अशा काळात तुला पोपट सुचतो?" काळ म्हणजे काय हे परभणीच्या माणसाला सांगावे लागत नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी आमच्या शहरात बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतर धरपकड झाली, आणि १५ डिसेंबरला वकिलीचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. मित्राचा प्रश्न म्हणूनच मला उडवून लावता येत नाही. पण मोर्चात जी पोरे पुढे होती, त्यांच्याच मोबाइलमध्ये पोपटही होता. मोर्चातली पोरे आपली आणि नाचणारी पोरे कोणा दुसऱ्याची, अशी वाटणी करता येत नाही.

आधी गाणाऱ्या घराण्याविषयी. प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) हे मूळचे सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याचे. त्यांनी कव्वाली गायिली, भक्तिगीते गायिली, भीमगीते गायिली, लोकगीते गायिली. आषाढीला पंढरीच्या वाटेवर कर्ण्यातून जो आवाज येतो तो त्यांचा, गणपतीच्या मांडवात सकाळी वाजतो तो त्यांचा, आणि १४ एप्रिलला आपल्या वस्तीत वाजतो तोही त्यांचाच. ज्या देवळाच्या पायरीपाशी आपल्या आज्याला थांबवले जाई, त्या देवळाच्या शिखरावरून आंबेडकरी माणसाचा गळा रोज पहाटे गावाला उठवी, ही गोष्ट गावाने कधी मोठ्याने मान्य केली नाही, पण कर्णाही कधी बंद केला नाही. आनंद, मिलिंद आणि दिनकर हे त्यांचे मुलगे गायक झाले. आदर्श आणि उत्कर्ष ही पुढची पिढी. एका घरात तीन पिढ्या गळा टिकला, आणि त्या गळ्यातून भीमगीत, देवाचे गीत आणि चावट गीत असे तिन्ही निघत राहिले. समीक्षकाला हे कोड्यासारखे वाटते. लोकांना त्यात कोडे असे कधी वाटलेच नाही.

आता कॅसेट. प्रल्हाद शिंदे ज्या काळातून वर आले तो तबकडीचा काळ. तबकड्या काढणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या आणि त्यांत एच.एम.व्ही.चा दबदबा होता. कोणाचा आवाज तबकडीवर जायचा हे मुंबईतली चार माणसे ठरवीत. परभणीला आकाशवाणीचे केंद्र आहे, पण रेडिओवर काय वाजावे हेही खुर्चीवरच्या माणसाच्या हाती. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये युरोपात आणलेली छोटी कॅसेट आपल्या खेड्यांपर्यंत पोचायला १९८० उजाडले. आयातीचे नियम सैल झाले, टेपरेकॉर्डर स्वस्त झाले, गुलशनकुमार यांच्या टी-सिरीजसारख्या नव्या कंपन्या उभ्या राहिल्या. कॅसेट काढायला भांडवल थोडे लागे. त्यामुळे जो हेल, जी बोली, जी वस्ती मोठ्या कंपन्यांच्या वहीत कधी नव्हती, तिच्याकडेही गिऱ्हाईक आहे हे व्यापाऱ्याला कळले. व्यापाऱ्याला समाजसुधारणा करायची नव्हती, हे उघड आहे. पण त्याच्या लोभामुळे एक गोष्ट झाली. आपल्याला काय ऐकायचे ते ठरवण्याचा हक्क, फार थोड्या पैशांत, सालगड्याच्या खिशात आला. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने उत्तर भारतातील या उलाढालीवर १९९३ मध्ये 'कॅसेट कल्चर' हा ग्रंथ लिहिला. मराठवाड्याचा असा ग्रंथ आपल्यापैकी कोणीतरी लिहायला हवा, आणि लवकर. कारण त्या कॅसेटी आता भंगारात चालल्या आहेत.

मी नव्वदच्या दशकात वाढलेला मुलगा. माझे आईवडील ऊसतोडीला जात. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. टोळीतल्या एकाने मुकादमाच्या उचलीतून टेपरेकॉर्डर घेतला होता. उचल फिटायला दोन हंगाम गेले, म्हणजे ती गाणी आमच्या लोकांनी अक्षरशः कोयत्यावर घेतली. पहाटे तीनला गाडी भरायला उठायचे तेव्हा टेप बैलगाडीच्या साटीला बांधलेला असे. सेल उतरले की गायकाचा आवाज घोगरा होत होत म्हाताऱ्यासारखा होई. मग सेल उन्हात तापवायचे, दाताने चावायचे. फीत गुंतली की पेन्सिल घालून फिरवायची, तुटली तर चिकटपट्टीने जोडायची. आमच्या कॅसेटमध्ये पोपटाच्या दुसऱ्या कडव्यात असा जोड होता. तिथे अर्धा शब्द गळालेला होता, आणि टोळीतली सगळी माणसे गातानाही तो अर्धा शब्द गाळूनच गात. पुढे परभणीच्या उरुसात एका दुकानावर अखंड गाणे ऐकले तेव्हा ते मला चुकीचे वाटले.

लोकांना त्यात काय आवडे? मी टोळीतल्या म्हाताऱ्यांना, बँडवाल्यांना, कॅसेटचे दुकान चालवलेल्या एका दोघांना हे विचारले आहे. पहिले उत्तर सर्वांचे एकच: आवाज. शिंदे घराण्याचा गळा मोकळा, वरच्या पट्टीचा, माईक नसला तरी मांडवाच्या टोकापर्यंत जाणारा. तो शास्त्रीय बैठकीत घासलेला नाही. उघड्यावर, रात्रभर, कव्वालीच्या मुकाबल्यात तापलेला आहे. उरुसाच्या आणि कव्वालीच्या परभणीला, निजामाच्या राज्यात १९४८ पर्यंत राहिलेल्या मराठवाड्याला, तो गळा आपल्या घरचा वाटला यात नवल नाही. दुसरे, ठेका. ढोलकी अशी वाजते की ज्याला नाचता येत नाही त्याचाही पाय हलतो. तिसरे, भाषा. पुस्तकी मराठीत प्रेम करायचे म्हणजे चांदणे लागते, बाग लागते, सागरकिनारा लागतो. या गाण्यांत पोपट लागतो, कोंबडी लागते, बाजार लागतो. पाखराच्या आडून चेष्टा करायची, आणि ती कोणाची चाललेली आहे हे सर्वांना ठाऊक असून कोणी बोलायचे नाही, ही रीत आपल्या बायांच्या लग्नातल्या गाण्यांत फार जुनी आहे. कॅसेटने ती रीत उचलली, वेग वाढवला आणि पुरुषाच्या तोंडी दिली. या शेवटच्या गोष्टीकडे मी पुन्हा येईन.

शिकलेल्या आंबेडकरी माणसाचा आक्षेप मला चांगला ठाऊक आहे, कारण तो पोकळ नाही. त्यामागे इतिहास आहे. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळाचे उत्पन्न सत्याग्रहाच्या निधीला देऊ केले तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारले, ही हकीकत आपल्या सर्वांना पाठ आहे. अस्पृश्य स्त्रियांना बोर्डावर नाचवून आलेला पैसा त्यांना नको होता. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला तेव्हा तमाशाचा साचा घेतला, पण त्यातले गण-गवळण आणि शृंगार काढून टाकले. आपले दहा मेळावे आणि जलशाचा एक कार्यक्रम सारखाच, अशा अर्थाचे बाबासाहेब बोलल्याचे सांगतात, ते या शुद्ध केलेल्या जलशाविषयी. तेव्हा ज्या समाजाने एवढ्या कष्टाने चावटपणा दारातून बाहेर काढला, त्याच्याच गायकाने तो कॅसेटमधून खिडकीने आत आणला, असे कोणाला वाटले तर त्याला मी दोष देणार नाही.

मात्र या युक्तिवादात दोन गोष्टी सुटतात. जलसा कोरडा नव्हता. त्यात सोंगे होती, फार्स होते, भटजी-सावकारांची टर होती. लोक हसून हसून लोळत आणि मग भाषण ऐकत. स्वतः बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. आनंदाविषयी त्यांच्या मनात अढी नव्हती. त्यांना अढी होती ती कोण नाचते आणि कोण बघते, या व्यवस्थेविषयी. आणि नेमक्या याच ठिकाणी मला पोपटाच्या कॅसेटचा अर्थ लागतो.

'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी इंदूरकडील बलाई या अस्पृश्य जातीची हकीकत दिली आहे. ती १९२८ सालच्या वर्तमानपत्रातून घेतलेली. इंदूर जिल्ह्यातल्या पंधरावीस गावांच्या सवर्णांनी बलाईंवर काही नियम लादले. जरीकाठी पागोटे घालायचे नाही. रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही. बायांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. हे नियम आपण व्याख्यानांतून नेहमी सांगतो. त्याच यादीत आणखी एक कलम आहे, त्याच्यापाशी आपण फारसे थांबत नाही: हिंदूंच्या सर्व लग्नांत, वरातीपुढे आणि लग्न चालू असताना, बलाईंनी वाजविले पाहिजे. आणि ही सर्व कामे मोबदला न मागता करायची. पसंत नसेल तर गाव सोडायचे.

हे कलम पुन्हा वाचावे. जातिव्यवस्थेने आपल्याला दुःख दिले एवढेच आपण म्हणत आलो. तिने सुखाचीही वाटणी केली होती. नटण्याची बंदी आणि वाजविण्याची सक्ती ही एकाच यादीत यावीत हा योगायोग नाही. मौज त्यांची, मेहनत आपली. आपल्या गावगाड्यात तेच होते. हलगी मातंगांनी वाजवायची, मशाल आणि बत्ती खालच्या जातींनी धरायची, वरातीत नवरा त्यांचा, घोडा त्यांचा, घाम आपला. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' चित्रपटात जब्याला जत्रेत नाचायचे असते. त्याला ज्या मुलीपुढे नाचायचे असते तिच्यासमोर तो शेवटी डोक्यावर बत्ती घेऊन उभा राहतो आणि इतर नाचतात. डुकराच्या मागे धावण्याच्या प्रसंगावर सर्वांनी लिहिले. माझ्या वर्गातल्या मुलांना मात्र बत्तीचा प्रसंग जास्त लागला, कारण त्यांच्यापैकी काहींनी जनरेटरच्या गाडीमागे तसली बत्ती खरोखर धरलेली आहे.

या पार्श्वभूमीवर कोपीसमोर, उसाच्या पाचटावर, दिवसभर मोळ्या वाहिलेली माणसे स्वतःच्या पैशाने आणलेल्या टेपवर स्वतःसाठी नाचतात, तेव्हा काय घडते? वाजवणारा यंत्रात आहे. तो आपल्यातलाच आहे, त्याला पैसे मिळालेले आहेत, आणि बघायला कोणी पाटील बसलेला नाही. त्या नाचण्याला उपयोग नाही, बोध नाही, ते कोणाच्या सेवेत नाही. माझ्या मते त्याची किंमत त्यातच आहे. वेदना, विद्रोह, नकार या शब्दांनी आपण आपले साहित्य ओळखायला शिकलो; मौज हा शब्द त्या ओळीत बसवायला आपल्याला अवघड जाते. पण वेठबिगाराच्या पोराने विनाकारण नाचणे हाही एक नकारच आहे, फक्त त्याचा जाहीरनामा कोणी काढलेला नाही.

माझा एक मामा लग्नाच्या हंगामात बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. त्याने मला जे सांगितले ते कोणत्याही ग्रंथात मला सापडले नसते. गावातल्या मोठ्या घरच्या वरातीत सर्वांत जास्त फर्माईश पोपटाची येई. पोरे बेभान नाचत, नोटा ओवाळून टाकत. एकदा रंगात येऊन त्याने पोपटाला जोडूनच त्याच गायकाच्या एका भीमगीताची चाल धरली. चालच, शब्दही नाहीत. चार पावलांत नाच थांबला आणि एक जण येऊन क्लॅरिनेटच्या तोंडावर हात ठेवून उभा राहिला. मामा म्हणाला, "भाच्या, गळा एकच हाय. पर त्यायला अर्धाच गळा पाहिजे."

या अर्ध्या गळ्याची किंमत काय असते हे महाराष्ट्राने पाहिले आहे. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका बौद्ध तरुणाचा मोबाइल वाजला. रिंगटोन भीमगीताची होती. तेवढ्यावरून त्याला मारहाण झाली आणि त्यात त्याचा जीव गेला. १ जून २०२३ रोजी आमच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, बोंढार हवेली येथे, एका तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंती साजरी केल्याचा राग त्यामागे होता, असे त्याच्या घरच्यांनी फिर्यादीत सांगितले. म्हणजे पोपटावर सगळे गाव नाचते, आणि त्याच आवाजात बाबासाहेबांचे नाव आले की खून पडतो. पोपटाच्या लोकप्रियतेने जात वितळली, असे म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. आणि पोपट म्हणजे निव्वळ थिल्लरपणा म्हणणाऱ्यांनी हेही पाहावे की ज्यांना भीमगीत सहन होत नाही, त्यांच्याही मांडवात हा गळा शिरलेला आहे आणि तो त्यांना काढता येत नाही.

अमेरिकेतील काळ्यांच्या चळवळीशी आपले नाते दलित पँथरपासूनचे, म्हणजे १९७२ पासूनचे आहे. त्यांच्या साहित्याची भाषांतरे आपण वाचली. त्यांच्या नाचगाण्याकडे कमी पाहिले. तिकडे दक्षिणेत 'हिलबिली' हा गरीब गोऱ्या डोंगरी माणसासाठी हिणकस शब्द होता. त्यांचे गाणे आणि काळ्यांचे ऱ्हिदम अँड ब्लूज यांच्या मिश्रणातून १९५०च्या दशकात 'रॉकबिली' नावाचे धांगडधिंग्याचे संगीत निघाले. जुलै १९५४ मध्ये मेंफिस शहरात एल्व्हिस प्रेस्ली या गोऱ्या तरुणाने जे पहिले गाजलेले गाणे ध्वनिमुद्रित केले, ते मुळात आर्थर क्रूडप या काळ्या गायकाचे. त्याने ते १९४६ मध्येच गायिले होते. प्रेस्ली जगाचा राजा झाला. क्रूडप मजुरी करीत राहिला, हक्काच्या मानधनासाठी झगडत राहिला आणि १९७४ मध्ये वारला. त्याच संगीताची मौज करणारा 'सदर्न कल्चर ऑन द स्किड्स' नावाचा एक वाद्यवृंद १९८३ पासून नॉर्थ कॅरोलिनात आहे. ते रंगमंचावरून श्रोत्यांत तळलेली कोंबडी फेकतात, दक्षिणेतल्या गावंढळपणाची स्वतःच टर उडवतात, आणि त्यांचे चाहते त्यावर जीव टाकतात. मला त्यांची मौज खोटी वाटत नाही. फक्त फरक दिसतो. गोऱ्या माणसाला गरिबीचे सोंग चढवता येते आणि कार्यक्रम संपल्यावर उतरवून ठेवता येते. ज्याची जात सोंग उतरवल्यावरही तशीच राहते, त्याला चेष्टा करताना जास्त हिंमत लागते. पंजाबात जालंधरच्या गिन्नी माही या तरुण गायिकेने 'डेंजर चमार' हे गाणे गायिले तेव्हा शिवी म्हणून वापरले जाणारे जातीचे नाव नाचाच्या ठेक्यावर आणले. ती वाट मला पोपटापेक्षा पुढची वाटते.

आता मौजेच्या बाजूने एवढे बोलल्यावर तिच्यातली खोट लपवणे योग्य होणार नाही. पहिली गोष्ट बायांची. पाखराच्या आडून चेष्टा करण्याची कला त्यांची होती हे वर म्हटले. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या १९९६ मध्ये अभ्यासकांनी ध्वनिमुद्रित केल्या. त्यांत बाबासाहेब आहेत, लाडही आहे, विनोदही आहे. कॅसेट आली आणि चेष्टा करणारी बाई चेष्टेचा विषय झाली. जयंतीच्या मिरवणुकीत मुली अलीकडे नाचू लागल्या आहेत, हे मला चांगले लक्षण वाटते. पण डीजेच्या गाडीजवळ जागा पोरांचीच, मुली दोरीच्या मागे. गंगाखेड ज्या जनाबाईचे, तिने प्रत्यक्ष विठ्ठलाशी भांडण काढले होते. त्याच भागात मुलींनी मिरवणुकीत कुठून कुठवर चालावे यासाठी अजून बैठक घ्यावी लागते. कडूबाई खरात एकतारीवर गातात तेव्हा सगळी वस्ती शांत होते. पण त्यांच्या गाण्याचे तुकडे डीजेवर घालणारा कोणी त्यांच्या बरोबरीने एखादी बाई त्या यंत्रापाशी उभी करीत नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक वाजवू नये हा नियम २००० सालचा आहे आणि तो सर्वांना सारखा असायला हवा. आपल्या मिरवणुकीवर तेवढा तो कडक होतो ही तक्रार खरी आहे. पण माणसाएवढ्या भोंग्यांच्या भिंतीतून छातीत धडका बसतात, शब्द ऐकू येत नाहीत, हेही खरे आहे. टेपच्या छोट्या डब्यातून कोपीसमोर शब्द स्वच्छ कळत. ज्या समाजाची सगळी कमाई शब्दाची आहे, त्याने शब्द बुडवणारे यंत्र एवढ्या भाड्याने आणावे हे मला पटत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त सलते, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष नाही. वामनदादांच्या गीतांच्या शेवटच्या कडव्यात त्यांचे नाव येते. ही जुनी रीत आहे: संतांनी पाळली, शाहिरांनी पाळली, भीमगीतकारांनी पाळली. ज्या कवीकडे करारनामा नव्हता, मानधनाचा कागद नव्हता, त्याची मालकी त्या एका शब्दात होती. १९२२ मध्ये सिन्नर तालुक्यातील देशवंडीत जन्मलेल्या या माणसाने हजारो गीते लिहिली, उभा महाराष्ट्र पायी घातला आणि २००४ मध्ये तो गेला. त्याच्याजवळ दुसरी पावती नव्हती. डीजेसाठी गाणे कापतात तेव्हा धृपद ठेवतात, पहिले कडवे ठेवतात, त्यात ठेका भरतात आणि पुढच्या गाण्यावर उडी मारतात. शेवटचे कडवे जाते, आणि त्याबरोबर कवीचे नाव जाते. क्रूडपचे मानधन गोऱ्या कंपनीने खाल्ले. वामनदादांचे नाव आपणच, त्यांच्याच जयघोषात, कापतो आहोत. गायकाचा फोटो फलकावर असतो, डीजेवाल्याचे नाव गाडीवर दिव्यांनी लिहिलेले असते, मंडळाच्या अध्यक्षाचे तर विचारूच नका. गीत लिहिणारा तेवढा नसतो.

माझ्या वर्गातला एक विद्यार्थी मोबाइलवर अशी गाणी कापून जोडतो. हाताला हुशार आहे. जयंतीच्या महिन्यात त्यावर त्याचे वर्षाचे परीक्षाशुल्क निघते. त्याला मी शेवटच्या कडव्याची गोष्ट सांगितली. त्याने ऐकून घेतले आणि व्यवहाराचे बोलला: "सर, शेवटच्या कडव्यापर्यंत पब्लिक थांबत नाही. तीस-चाळीस सेकंद जास्त लागतात." मग थोड्या वेळाने म्हणाला की सगळे कडवे ठेवता येणार नाही, पण नावाची ओळ तेवढी उचलून ठेक्याच्या मध्ये तीन वेळा घालता येईल. पोपटात अशी जागा कुठे आहे का, तेही तो शोधणार आहे. मी त्याला अखंड कॅसेट दिली आहे, जोड नसलेली.